मामाची एक एकर करडी

करडीचं नवीन तेल घरात आलं की पहिल्या दिवशी मी त्याची फोडणी करतच नाही. ज्वारीची भाकरी, शेजारी काळं तिखट, तिखटात बोटानं आळं करायचं आणि त्यात कच्चं तेल ओतायचं, बास. माझी लेक चौदा वर्षांची आहे, तिला आधी तो वास "कसातरीच" वाटायचा, आता डबा उघडला की तीच ताट घेऊन येते. हे तेल विकतचं नाही म्हणजे दुकानातनं आणलेलं नाही, माझ्या मामाच्या रानातल्या करडीचं आहे आणि ते माझ्या स्वयंपाकघरात परत यायला जवळजवळ पंचवीस वर्षं लागली, त्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं.

(पुस्तकात करडई म्हणतात, गावाकडं आम्ही करडीच म्हणतो, त्यामुळं इथंही करडीच.)

माझं आजोळ लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात. आमच्याकडच्या माणसांच्या सगळ्या आठवणी भूकंपाआधीच्या आणि भूकंपानंतरच्या अशा असतात, ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र संपता संपता. मी तेव्हा बारा वर्षांची होते. तर भूकंपाआधीच्या आठवणींत तेल म्हणजे पिशवी नव्हतीच. तेल म्हणजे रानातलं एक पीक. ज्वारीच्या पिकात मधूनमधून करडीच्या ओळी असायच्या आणि बांधाच्या कडेनं तर हमखास, कारण करडी काटेरी, जनावर आत शिरत नाही, म्हणजे कुंपणही झालं आणि तेलही झालं. पेरल्यावर महिनाभरानं दाटी झालेली रोपं उपटायची, ती फेकायची नाहीत, त्या कोवळ्या पाल्याची मुगाची डाळ आणि लसूण घालून भाजी. ती भाजी वर्षात दोन-चारदाच मिळते आणि तिची चव मेथी-पालकासारखी अजिबात नाही.

काढणी मात्र त्रासाची. फेब्रुवारी-मार्चात झाड वाळलं की काटे सुयांसारखे होतात, म्हणून बायका पहाटे अंधारात जायच्या, दवानं काटे जरा नरम असतात तोवर काम उरकायचं. हाताला फडकी गुंडाळलेली, पायाला पोत्याचं गोणपाट बांधलेलं. ऊन चढलं की थांबायचं. आजीच्या हातावर त्याचे ओरखडे होळीपर्यंत दिसायचे.

मग ते बी घरात यायचं, आजी लागेल तेवढं पाखडून घाण्यावर घेऊन जायची. गावात एकच घाणा होता, लाकडी, बैलाचा. बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधलेली आणि तो गोल गोल फिरतोय आणि ती कुरकुर, आम्ही पोरं तिथं तासनतास बसायचो. तेलीकाकांच्या अंगाला, कपड्यांना, त्यांच्या दाराच्या चौकटीलासुद्धा तेलाचा वास. त्यांच्या घरात संताजी महाराजांचा फोटो होता, आजी सांगायची की तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले ते संताजी जगनाडे तेलीच होते, चाकणचे, आणि हे सांगताना तिचा आवाज असा काही व्हायचा की घाण्यावर आम्ही दंगा करायचो नाही. तेल किटलीत, पेंड टोपलीत. पेंड म्हशीला. म्हणजे रानातनं जे आलं त्यातलं तेल आपण खाल्लं, पेंड म्हशीनं खाल्ली, तिचं दूध परत आपण प्यालो आणि शेण परत रानात गेलं. तेव्हा हे काही विशेष वाटत नव्हतं, असंच असतं असं वाटायचं.

पुढं मी शिकायला लातूरला, मग पुण्याला, लग्न, नोकरी, आणि तेल म्हणजे दुकानातली एक लिटरची पिशवी. रिफाइंड. त्याला वास नाही, रंग जवळजवळ नाही, भाजीत ते असतं हे कळतही नाही. खरं सांगायचं तर वीस वर्षं मला त्यात काही खटकलंच नाही. आईकडं गेलं की तिथंही तीच पिशवी, मामाकडं गेलं तरी तीच. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या रानातलं तेल खाल्लं त्या घरात चौकातल्या किराणा दुकानातनं पिशवी येते, आणि याचं कुणालाच काही वाटत नाही, मलाही नाही.

खटकलं ते २०२२ साली. आधी फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेल कडाडलं, कारण ते तेव्हा मुख्यतः तिकडनंच यायचं. मग एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच बंद केली, तीनेक आठवडे बंद होती, २३ मेला उठली. तेवढ्या काळात आमच्या दुकानदारानं मला सांगितलं की ताई आत्ताच चार पिशव्या नेऊन ठेवा, पुढच्या आठवड्याचा भाव मी सांगू शकत नाही. मी म्हटलं मी तर सोयाबीनचं तेल नेते, पामचं नाही, तर म्हणाला सगळे भाव एकमेकाला बांधलेले असतात. मी पिशव्या घेऊन घरी आले आणि डोक्यातनं ते जाईना. लातूरची पोरगी मी, जिथं चारी बाजूला तेलाचीच पिकं, आणि माझी फोडणी इंडोनेशियात ठरतेय?

मग मी वाचत सुटले, रात्री रात्री. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरनं येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातनं, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलमधनं, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडनं. आणि हे कायमचं असं नव्हतं हे वाचून मला जास्त वाईट वाटलं. १९८६ साली सरकारनं तेलबियांचं मिशन काढलं होतं, शेतकऱ्यांनी उत्पादन इतकं वाढवलं की नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपण जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो. मग १९९४ पासून पामतेलाची आयात खुली होत गेली, स्वस्त तेल आलं, आणि करडी-शेंगदाण्याला त्या भावाशी झुंजणं जमलं नाही. आता २०२१ पासून परत ११,०४० कोटींची योजना आहे पण ती देशात पामची लागवड वाढवायची आहे. करडी त्यात नाही.

पण नुसत्या आयातीनं घाणा बंद पडला असंही नाही, आणि हे मला मामानं समजावलं. मी फोनवर त्यांना विचारलं की मामा आपल्याकडं करडी पेरायची का बंद केली, मला वाटलं काट्यांमुळं म्हणतील. ते म्हणाले, "काट्याला कोण भ्यायलंय बाई. सोयाबीन आलं अन्‌ करडीची जागाच गेली."

म्हणजे बघा. करडी पेरायची सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पावसाळ्याची ओल जमिनीत असताना. तिचं मूळ सरळ खाली खोल जातं, काळ्या रानातली खालची ओल पिऊन ती पुढचे चार महिने निभावते, पाणी द्यावं लागत नाही म्हटलं तरी चालेल. त्यासाठी रान तेव्हा मोकळं पाहिजे. पूर्वी खरिपात रान एकतर पड असायचं नाहीतर मूग-उडीद घेऊन लवकर रिकामं व्हायचं. सोयाबीन उभं राहतं ऑक्टोबरपर्यंत. ते काढून, मळून, रान तयार करेपर्यंत करडीची वेळ टळलेली असते आणि वरची ओलही गेलेली असते, मग हरभरा टाकतात, तो उशिरा चालतो आणि त्याला गिऱ्हाईक आहे. सोयाबीनचे पैसे दिवाळीला हातात येतात, लातूरला बाजार आहे, शेतकऱ्यानं ते का करू नये? मामांना किंवा कुणालाच मी दोष देत नाही, दोन पोरांची शिक्षणं सोयाबीनवर झालीत त्यांची.

आणि यातली खरी मेख पुढं आहे जी मला आधी माहीतच नव्हती. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा-वीस टक्के. शेंगदाण्यात पंचेचाळीसच्या वर, करडीत तीसच्या आसपास. सोयाबीनचं तेल घाण्यावर परवडेल असं निघतच नाही, त्याला मोठा कारखानाच लागतो, जिथं बिया चेपून त्यावर हेक्झेन नावाचं तेल विरघळवणारं रसायन सोडतात, ते तेल ओढून घेतं, मग तापवून हेक्झेन उडवून परत वापरतात. मग त्या तेलातला चिकटा काढायचा, आम्ल काढायचं, रंग काढायचा आणि शेवटी दोनशे अंशांच्या वर वाफ सोडून वास काढायचा. तेव्हा ती बिनवासाची पिशवी तयार होते. म्हणजे रानातलं पीक बदललं त्याच दिवशी गावातल्या घाण्याचं काम संपलं. शेतकऱ्याच्या घरात पोत्यांनी तेलबिया पडलेल्या आहेत पण त्यातलं एक वाटी तेल गावात काढता येत नाही. ती पोती लातूरला जाणार, आणि तेल पिशवीतनं परत येणार. तेलीकाकांचा घाणा भूकंपानंतरच्या तीन-चार वर्षांत मोडला, मुलगा आता ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतो.

हे सगळं कळल्यावर मी मामांना म्हटलं, यंदा एक एकर करडी पेरा. ते म्हणाले, "पेरतो की, पण घेतंय कोण?" मी म्हटलं मी घेते. एका घराला किती लागतंय, म्हणाले, एकराची करडी घेऊन काय अंघोळ करणार आहेस का. मग मी आमच्या सोसायटीत विचारलं. चार घरं तयार झाली, त्यात एक साताऱ्याकडच्या काकू, त्या पहिल्यांदा म्हणाल्या आम्ही शेंगतेलवाले, करडीचं नको. हे मला फार आवडलं खरं तर. खानदेशात शेंगदाणा, तळकोकणात-गोव्यात खोबरेल, विदर्भात जवस, आमच्याकडं करडी, प्रत्येक मुलखाची भाजी वेगळी लागायची त्याचं निम्मं कारण तेल होतं, आणि रिफाइंडनं सगळ्यांच्या कढया सारख्या करून टाकल्या. काकूंनी शेवटी घेतलं, आणि आता त्या चटणीपुरतं करडीचंच वापरतात.

त्या रब्बीला मामांनी एक एकर करडी टाकली. बिनकाट्याचं वाणही असतं, फलटणच्या निंबकर संस्थेनं त्यावर बरंच काम केलेलं आहे, पण मामांनी मुद्दाम काटेरीच घेतलं, कारण त्यांच्याकडं आता हरणं आणि रानडुकरं फार झालीत, हरभऱ्याचा सत्यानाश करतात आणि काटेरी करडीला तोंड लावत नाहीत. काढणीचीही आता तेवढी पंचाईत राहिली नाही, कम्बाइन हार्वेस्टरनं निघते. आजी असती तर तिला हे बघून काय वाटलं असतं असं मला सारखं वाटत राहिलं, तिचे ते हात.

पाच क्विंटल झाली. घाणा शोधायला मात्र वेळ गेला. आता मोटारीवरचे लाकडी घाणे शहरात गल्लोगल्ली निघालेत, पुण्यात तर पाट्याच पाट्या, पण पाटीवर लाकडी घाणा लिहिलंय म्हणून आत घाण्याचंच तेल आहे असं नाही. मी एका दुकानातनं "घाण्याची करडई" म्हणून दोनदा तेल आणलं होतं, त्याला वासच नव्हता आणि भाव होता एकशे ऐंशी. तेव्हा मला हिशोब येत नव्हता, आता येतो, तो तुम्हालाही सांगते. एक लिटर तेलाला साडेतीन-चार किलो करडी लागते. साठ रुपये किलो धरली तरी दोनशे चाळीसची करडीच झाली. वर घाण्याची मजुरी चाळीस-पन्नास. पेंडीचे साठ-सत्तर परत येतात. म्हणजे दुकानदाराला, बाटलीला, गाडीभाड्याला एक रुपया न धरता सव्वादोनशेच्या आसपास गेलं. मग एकशे ऐंशीला कोण देतंय आणि काय देतंय? सरकारचा २०२५-२६ चा हमीभाव ५,९४० रुपये क्विंटल होता, म्हणजे साठ हा काही मी फुगवलेला आकडा नाही.

आम्हाला शेवटी लातूरलाच एक घाणेवाले काका भेटले, ते समोर काढून देतात. आपण आपलं बी न्यायचं, स्टुलावर बसायचं, तेल पडताना बघायचं. पहिली धार पडली तेव्हा त्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मामा बाजूला बघत होते, तेही काही बोलले नाहीत. काकांनी पेंडीचा गरम तुकडा हातावर ठेवला, खाऊन बघा म्हणाले. या पेंडीत तेलाचा अंश राहतो म्हणून ती जनावराला अंगी लागते, कारखान्यातल्या पेंडीतनं बहुतेक सगळं तेल काढून घेतलेलं असतं.

आता काही गोष्टी ज्या मी चुकून शिकले त्या सांगते, कारण नुसतं गावचं तेल चांगलं असं म्हणून सोडून दिलं तर कुणीतरी एकदा आणेल आणि परत पिशवीवर जाईल.

पहिल्याच आठवड्यात मी त्यात पुऱ्या तळायला घेतल्या, कढईत एकदम फेस फेस होऊन तेल वर आलं, गॅसवर सांडलं. मला वाटलं भेसळ आहे. भेसळ नव्हती, घाण्याच्या तेलात जो नैसर्गिक चिकटा असतो त्यानं फेस येतो, रिफाइंडमध्ये तोच काढून टाकलेला असतो. आमच्याकडं करडीच्या तेलात आजीनं सणाला तळण केलेलं आठवतं पण ती आच फार मंद ठेवायची आणि एका वेळी थोडंच तेल घ्यायची. मी आता तळणाला घाण्याचं शेंगतेल वापरते, आणि तळणच कमी झालंय हेही खरं, साडेतीनशेचं तेल कढईभर ओतायला हात धजत नाही. आधी आम्हाला महिन्याला चार लिटर लागायचं, आता अडीच-पावणेतीन. त्यामुळं खर्च दुप्पट-अडीचपट वाटतो तसा होत नाही.

दुसरं, करडीचं तेल टिकायला नाजूक असतं, उजेडानं आणि उष्णतेनं लवकर खवट होतं. दोन-तीन दिवस न हलवता ठेवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ काढून स्टीलच्या डब्यात, अंधारात. प्लास्टिकच्या पांढऱ्या कॅनमध्ये खिडकीत ठेवलेला माझा पहिल्या वर्षीचा शेवटचा कॅन वाया गेला. आता आम्ही वर्षाचं एकदम काढत नाही, बी मामाकडं पोत्यात राहतं, तीन-तीन महिन्यांनी काढून आणतो. बी चांगलं टिकतं, तेल नाही टिकत.

आणि तिसरं, जे बोलायला लोक बिचकतात. सुटं तेल म्हणजे शुद्ध तेल असं नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांची भेसळ झाली होती, साठाच्या वर माणसं गेली, त्यानंतरच सरकारनं तेल सीलबंदच विकायचं असे नियम कडक केले. ते नियम काही कारखानदारांच्या भल्यासाठीच आले असं म्हणणं मला पटत नाही, माणसं मेली होती. शेंगदाण्याचं तर अजून एक, दाणे ओलसर राहून बुरशी आली तर त्यातलं विष घाण्याच्या तेलात उतरू शकतं, रिफाइंड करताना ते निघून जातं. म्हणून घाण्यावर नेण्याआधी शेंगदाणे निवडायचेच, काळे-सुरकुतलेले काढून टाकायचे, आजी जे तासभर सुपात निवडत बसायची ते उगीच नव्हतं. मी करडीच्या तेलानं कोलेस्टेरॉल वितळतं, गुडघे बरे होतात असलं काही सांगणार नाही, फॉरवर्ड होऊन येतं ते सगळं. तेल ते तेलच, जास्त खाल्लं तर बाधणारच. मी हे तेल खाते ते मला माहितीय ते कुठल्या रानातलं आहे म्हणून, ते कुणी पेरलंय हे मला माहितीय म्हणून, आणि ते चवीला तेल लागतं म्हणून.

एकानं मला विचारलं, पाच घरांनी एक एकर करडी पेरायला लावून इंडोनेशियाचं काय बिघडणार आहे. काहीच बिघडणार नाही. पण मामांच्या त्या एकरात सोयाबीन नव्हतं त्या वर्षी, पाऊस ऐन काढणीत आला तेव्हा सोयाबीनवाल्यांचं भिजलं आणि त्याच ओलीवर करडी उगवून आली. बाजारात काय भाव आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही कारण भाव आम्ही पेरणीच्या आधीच ठरवला होता, हमीभावापेक्षा थोडा वर. आणि लातूरच्या घाणेवाल्या काकांना आमची पाच क्विंटल मिळाली. हे तिन्ही मला माझ्या डोळ्यानं दिसतं, त्यामुळं मला ते छोटं वाटत नाही.

दुसऱ्या वर्षीपासनं मामी नोव्हेंबरात एसटीनं पार्सल पाठवायला लागल्यात, ओल्या फडक्यात बांधलेला करडीचा कोवळा पाला, सकाळी स्वारगेटवरनं आणायचा. पाचही घरांना जुडी जुडी वाटते. सातारकरकाकू त्यात दाण्याचं कूट घालतात, मला ते आवडत नाही पण त्यांना सांगितलेलं नाही.

यंदा मामांनी विचारलंय की दोन एकर टाकू का, शेजारच्या भावकीतलेही एक जण तयार आहेत, पण गिऱ्हाईक पक्कं पाहिजे म्हणतात. दसऱ्याच्या आत सांगायचंय कारण ओल असतानाच पेरणी. आत्तापर्यंत आठ घरं झालीत, अजून दोन लागतील.